नदीचा आराखडा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्या मराठवाड्यातल्या गावांसाठी

तुमच्या गावाशेजारून नदी जाते, तिचं काहीतरी चांगलं व्हावं असं चार जणांच्या मनात आलंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. हा लेख अशांसाठी आहे. तुम्ही सरपंच असा, नगरपंचायतीचे सदस्य असा, गणेश मंडळाचे कार्यकर्ते असा किंवा शाळेतले गुरुजी, कामाचा क्रम तोच राहतो. आधी पाणी, मग पात्र, मग काठ. बाकडी, दिवे आणि बोटी सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. निधी येतो, घाटाला फरशी बसते, उद्घाटन होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच पायरीशी गटाराचं पाणी तुंबलेलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. मराठवाड्याचा पावसाळ्याचा सरासरी पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या दिवसांत पडून जातो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठची उभी पिकं वाहून गेली. तेव्हा इथला आराखडा महिन्यांवर बेतायचा असतो. आषाढातली नदी, दिवाळीची नदी, होळीची नदी आणि वैशाखातली नदी या चार वेगळ्या नद्या आहेत. ज्या आराखड्यात महिन्यांचा उल्लेखच नाही, तो आपल्या नदीचा नाही.

तुकडा ठरवा आणि कागद गोळा करा

सगळी नदी हातात घेऊ नका. एका बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंतचा तीन ते पाच किलोमीटरचा तुकडा पुरे. आपल्याकडे नदीचे नैसर्गिक भाग बंधाऱ्यांनीच पडलेत. गोदावरीवर तर पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरीपासून ढालेगाव, मुदगल, डिग्रस, विष्णुपुरी असं करत धर्माबादजवळच्या बाभळीपर्यंत बंधाऱ्यांची साखळीच आहे. तुमच्या तुकड्यातलं पाणी वरचा बंधारा सोडतो आणि खालचा अडवतो. या दोन्ही ठिकाणी दारं किंवा बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) कोण टाकतं, कधी टाकतं आणि कधी काढतं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. बाभळीचं उदाहरण पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे तिथली दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. बाभळीच्या वरच्या गावानं त्या काळात भरलेल्या पाण्याचं स्वप्न पाहून उपयोग नाही.

तलाठ्याकडून गावनकाशा घ्या, काठाच्या गटांचे सातबारे काढा आणि भूमी अभिलेख कार्यालयात नदीची हद्द पाहून ठेवा. मग जलसंपदा विभागाकडे पूररेषेची चौकशी करा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम येत नाही. तिथे मैदान, बाग, पायवाट, मोकळी जागा एवढंच शोभतं. लाल आणि निळ्याच्या मधे बंधनं पाळून काही करता येतं. तुमच्या तुकड्याची रेषा आखलेली नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन काठानं चाला. पाणी कुठल्या देवळाच्या कितव्या पायरीला लागलं होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. बीडकर आजही १९८९ च्या बिंदुसरेच्या पुराच्या खुणा सांगतात. त्या खुणांवर तेलरंगानं आडवी रेघ मारून साल लिहा. सरकारी रेषेची जागा ती घेत नाही, पण बाकडं कुठे ठेवू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

‘चला जाणूया नदीला’ हे अभियान २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून सुरू झालं. त्यात तुमची नदी असेल तर तिचा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. कुणीतरी केलेलं काम पुन्हा करण्यात वर्ष घालवू नका.

पाणी स्वतः मोजा

आराखड्यात ‘नदीला बऱ्यापैकी पाणी असते’ असं वाक्य आलं की अधिकारी पान उलटतात. आकडा द्या. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक टेप, एक दोरी, एक बांबू, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक संत्रं लागतं.

प्रवाह सरळ आणि तळ सपाट असलेली जागा निवडा. दोरी आडवी बांधून रुंदी मोजा. मग एकेका मीटरवर बांबू बुडवून खोली घ्या आणि सरासरी काढा. आता काठानं दहा मीटर अंतर आखून वरच्या खुणेच्या थोडं आधी संत्रं प्रवाहात सोडा. संत्रं निम्मंअधिक बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्यानं भरकटत नाही. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत लागलेली वेळ पाच-सहा वेळा मोजून सरासरी धरा. समजा रुंदी १२ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर आणि दहा मीटरला २५ सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाजवळचं पाणी सावकाश जातं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणा: ०.३४. आता १२ × ०.४ × ०.३४ म्हणजे सेकंदाला सुमारे १.६ घनमीटर, अर्थात जवळपास ५८ क्युसेक (सेकंदाला घनफूट).

हा आकडा हातात आला की पुढचं बोलणं बदलतं. पाच अश्वशक्तीची मोटार १५ मीटर उंचीवर सेकंदाला दहा-बारा लिटर पाणी चढवते. काठावर अशा पन्नास मोटारी एकदम चालल्या तर या प्रवाहातलं एक तृतीयांश पाणी गेलं. बंधाऱ्याच्या फुगवट्यातून (अडून मागे साचलेल्या पाण्यातून) ऊस भिजवायचा, गावाची नळयोजना चालवायची आणि वर उन्हाळ्यात बोटिंगही करायचं, हे तिन्ही एका पाण्यावर बसतं का, ते तुम्ही स्वतः गणित मांडून पाहू शकता. बहुतेक ठिकाणी बसत नाही, आणि ते आधीच कळलेलं बरं. हे मोजमाप दर महिन्याला त्याच जागी करा. जूनपर्यंत प्रवाह कधी तुटला ती तारीख नोंदवा. माझ्या मते आराखड्यातली सगळ्यात मोलाची तारीख तीच.

आता पाण्याची प्रत. लोकांनी अंघोळ करावी, पोरांनी पोहावं असं वाटत असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्नानाच्या पाण्याचे निकष पाहा. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खर्ची पडणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सामू (पीएच) ६.५ ते ८.५, आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत. २५०० च्या वर तर कदापि नकोत. ग्रामपंचायतीकडच्या जंतुपरीक्षणाच्या बाटलीवर इथे विसंबू नका. ती पिण्याच्या पाण्यासाठी असते. नदीचं पाणी टाकलं की ती काळी पडणारच, त्यातून जंतू किती ते कळत नाही. प्रयोगशाळेतून आकडाच घ्या. नमुना प्रवाहाच्या मधून, वीत-दीड वीत खोलीवरून घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. ऑक्सिजनसाठी मात्र नमुना सूर्योदयाच्या आधीचा हवा. साचलेल्या पाण्यात शेवाळ असलं की दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकत असतात. दुपारच्या अहवालावर कुणी ‘पाणी उत्तम’ म्हटलं तर पहाटेचा अहवाल मागा.

नदीवर आधीपासून कोण आहे

नदी ओसाड पडलीय, असं समजून काम सुरू करणारे हमखास भांडणात अडकतात. यादी करा. भोई समाजाचे लोक आणि मच्छीमार संस्था, धुणं धुणाऱ्या बाया, परीट, शेळ्या-मेंढ्या पाण्यावर आणणारे धनगर, उपसा करणारे बागायतदार, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारी कुटुंबं, दशक्रियेचे विधी करणारे, वाळू उचलणारे. यातले काही सभेला येतील, काही येणार नाहीत. बायकांची बैठक वेगळी घ्या आणि ती दुपारी घ्या. ग्रामसभेत पुरुषांसमोर कुणी सांगत नाही की पहाटे नदीकाठच्या झाडोऱ्याचा आडोसा अजूनही लागतो, आणि तुम्ही ‘सुशोभीकरण’ म्हणून तोच तोडणार आहात. भोयांकडे त्यांच्या आळीत जा. डोह कुठे आहेत, उन्हाळ्यात कुठला आटत नाही, पहिल्या पुराला चढणीचे मासे कुठल्या ओढ्यानं वर जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आराखड्याच्या नकाशावर ते डोह आणि ते ओढ्याचं तोंड त्यांच्या नावानं नोंदवा.

वाळूचा प्रश्न टाळून नदीचा आराखडा होत नाही. वाळू पाणी धरून ठेवते आणि गाळूनही देते. ती गेली की काठच्या विहिरी खाली जातात. उपशाचे खड्डे पुराच्या पाण्याखाली दिसत नाहीत आणि पोहायला उतरलेली पोरं तिथेच जातात. धोरण दर काही वर्षांनी बदलतं, म्हणून चालू शासननिर्णय तहसीलमधून मागून घ्या. तुमच्या तुकड्यात लिलाव होणारा वाळूघाट आहे का, त्याची हद्द आणि खोली किती ठरलीय, ते लिहून ठेवा. रात्रीच्या उपशाला एकट्यादुकट्यानं आडवं जाऊ नका. ग्रामसभेचा ठराव, तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला लेखी निवेदन, पोच घेऊन. हाच मार्ग.

घाण वर थोपवा

माणशी ५५ लिटर पाणी मिळतं असं धरलं तर पाच हजार वस्तीच्या गावातून दिवसाला दोन लाख लिटरच्या वर सांडपाणी निघतं. उन्हाळ्यात नदीत उरतं ते हेच. गावातल्या प्रत्येक नाल्याचं नदीला मिळणारं तोंड नकाशावर दाखवा आणि त्याच्या वर काय करायचं ते ठरवा.

लहान गावाला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे घरोघरी शोषखड्डे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी हे गाव यासाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. उघडी गटारं गेली, डास गेले, आणि पाणी जमिनीत मुरू लागलं. काळी चिकण माती असेल तर खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर तो पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. शोषखड्ड्यांनी न सुटणारं पाणी नाल्याच्या तोंडाशी स्थिरीकरण तळ्यात थांबवा आणि पाणकणीस, कर्दळ लावलेल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यातून सोडा. शहरांना मात्र सांडपाणी प्रक्रिया केंद्राला पर्याय नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये खाम नदीवर २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, संस्था आणि नागरिक मिळून काम करतायत. तिथेही कचऱ्याचे ढीग हलवणं आणि सांडपाणी रोखणं यांना बागेइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व द्यावं लागलं. आपल्या विभागातला तो अनुभव आहे, जाऊन पाहण्यासारखा.

जलपर्णी वाढली की ती काढण्याचं कंत्राट निघतं. काढावी लागतेच, पण सांडपाणी चालू ठेवून काढलेली जलपर्णी पुन्हा येते. दोन्ही एकत्र अंदाजपत्रकात धरा.

खोलीकरणाचा मोह

पोकलेन आणून नदी खोल केली की लगेच काम दिसतं. गाळ काढणं वेगळं आणि पात्र कोरणं वेगळं, हे गुत्तेदाराला कामाआधी लेखी सांगा. साचलेला गाळ काढून शेतात नेला तर धरणालाही फायदा, शेतालाही. पण मुरूम आणि खडकापर्यंत उकरून दोन्ही बाजूंना उभे कडे करून ठेवले तर नदीचा सरळसोट कालवा होतो. काठावरची झाडं कोसळतात, जनावरांना पाण्यावर उतरता येत नाही, आणि पुराचं पाणी पसरायला जागा न मिळाल्यानं खालच्या गावावर वेगानं जातं. डोह, वाळूची बेटं, खडकांचे धबधब होणारे उतार यांना हात लावू नका. वाळूच्या बेटांवर मार्च ते मे या काळात नदीसुरय, टिटव्या घरटी करतात. तेवढे महिने तिथे ट्रॅक्टर, क्रिकेट आणि मोकाट कुत्री येणार नाहीत एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

काठाला वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन लावा. पाण्यालगत लव्हाळा आणि शेरणी राहू द्या, ती माती धरतात. बेशरम आणि वेडी बाभूळ काढायची असेल तर टप्प्याटप्प्यानं, एका बाजूनं नवी रोपं जगल्यावर. एकदम काठ उघडा केला तर पहिल्याच पुरात तो खचतो.

लोकांनी नदीवर यावं, पण कसं

नदीवर जाणं ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला वारकरी गोदावरीत स्नान करतात. गंगाखेड, राक्षसभुवन, नांदेडचे घाट वर्षभर गजबजलेले असतात. येळवसीला (वेळा अमावास्येला) लातूर-धाराशिवकडची घरंच्या घरं शिवारात भज्जी-आंबील घेऊन बसतात. नळदुर्गला बोरी नदीवर पाणीमहालातून कोसळणारं पाणी पाहायला लोक पावसाळ्यात येतात, किनवटकडे सहस्रकुंडाला पैनगंगेवर येतात. तुम्हाला फक्त या येण्याला सुरक्षित वाट आणि वेळापत्रक द्यायचं आहे.

महिन्यांप्रमाणे आखा. जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पात्रात कुणीही नाही. नदी वरच्या काठावरून पाहायची. आपल्याकडे मोठे पूर पुष्कळदा सप्टेंबरात येतात, म्हणजे गणेश विसर्जन ऐन पुराच्या दिवसांत पडतं. त्यासाठी काठाबाहेर कृत्रिम हौद करा. प्रदूषण टळतं हे झालंच, पण मुख्य म्हणजे पोरं पाण्यात उतरत नाहीत. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा सगळ्यात चांगला काळ. पाणी निवळलेलं, हवा थंड, स्थलांतरित पक्षी आलेले. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, पण बंधाऱ्यांच्या फुगवट्यांवरही चक्रवाक आणि बदकं उतरतात. पायवाट, पक्षी पाहणं, गळानं मासेमारी, शाळांच्या सहली याच दिवसांत घ्या. पोहायला शिकवायचं तर पाण्याचा अहवाल बरा असेल तरच, आणि ठरवून दिलेल्या एकाच जागी. फेब्रुवारीनंतर पाणी कमी होईल तसं पिण्याचा आणि जनावरांचा हक्क पहिला. मे महिना गाळ काढणं, पात्रातले खड्डे बुजवणं आणि साफसफाई यांचा.

पोहण्याची जागा निवडताना दोन नियम मोडू नका. को.प. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या किंवा कुठल्याही भिंतीच्या खाली, जिथे पाणी वरून पडतं, तिथे कुणालाही उतरू देऊ नका. पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही गोल फिरवत आत धरून ठेवतं. वरून हे पाणी शांत दिसतं, म्हणून ते जास्त धोक्याचं. दुसरा नियम असा, की जागा सुरू करण्याआधी बांबूनं सगळा तळ चाचपायचा. वाळूचा खड्डा सापडला तर तो बुजवल्याशिवाय जागा उघडायची नाही.

काठावर पन्नास फुटांची जाड दोरी, हवा भरलेल्या दोन ट्यूब आणि लांब बांबू कायम टांगलेले हवेत. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा दुसरा बुडतो. पोरांना शिकवायचं ते हे: ओरडा, दोरी फेका, बांबू द्या, ११२ ला फोन करा. वरच्या धरणाच्या शाखा अभियंत्याचा फोन नंबर आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. विसर्गाचा निरोप आला की भोंगा कुणी वाजवायचा, दवंडी कुणी द्यायची, त्या माणसांची नावं ठरलेली असू द्या, आणि प्रत्येकाला एक बदली.

बोटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दोन वर्षांत त्या वाटेला जाऊ नका. प्रवासी होडीला सागरी मंडळाची आणि जलसंपदाची परवानगी, लाइफ जॅकेट, विमा, प्रशिक्षित नावाडी, हे सगळं लागतं, आणि पाणी चार महिने टिकेल याची खात्री नसते. आणायचीच तर भोयांच्या संस्थेला चालवायला द्या. बाहेरच्या ठेकेदाराला नको.

पायवाट मुरमाची, निळ्या रेषेच्या आत काँक्रीट नाही. बाकडी दगडाची किंवा उचलून नेता येतील अशी. शौचालय आणि कचऱ्याचे डबे काठापासून दूर, लोक जिथे गाड्या लावतात तिथे. पहिल्या वर्षी एवढं पुरे.

पैसा आणि परवानगी

आराखडा ग्रामपंचायत विकास आराखड्यात घातल्याशिवाय त्याला पैसा नाही. सांडपाणी आणि कचऱ्याचं काम वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच खर्चायच्या) निधीतून, झाडं आणि शोषखड्डे रोजगार हमीतून, गाळ ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ मधून, असं काम तोडून मांडा. एका मोठ्या ‘नदी विकास’ शीर्षकाखाली टाकलं की कुठल्याच खात्याला ते आपलं वाटत नाही. पात्रातल्या कामाला जलसंपदा आणि महसूलची लेखी संमती घ्या. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच. तिला जागी करा आणि नदीतले मासे, पक्षी, झाडं लोकजैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. पुढे कुणी पात्रात भराव टाकायला आला तर ही नोंद आणि पूररेषेचा नकाशा हाताशी असतो.

दरवर्षी १५ ऑक्टोबरनंतरच्या पहिल्या आठवड्यात बैठक घ्या. त्या सुमारास धरणांमधला साठा जाहीर झालेला असतो. साठा कमी असेल तर त्या वर्षीचं वेळापत्रक तिथेच आवरतं घ्या आणि तसं फलकावर लिहा. बैठकीत चार नोंदी वाचून दाखवा: प्रवाह तुटल्याची तारीख, पहाटेचा ऑक्सिजन, किती नाले अजून नदीत उघडे येतात, आणि वर्षभरात पाण्यात कुणाला इजा झाली का. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, आणि एक मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांकडे ठेवा. पंचायत बदलली तरी दोन प्रती जागेवर राहतात.